नर्सबाईंच्या सायकलवरून धानोऱ्याला

चुन्याच्या एका रेघेनं माझी अब्रू घेतली. मुलांना ही गोष्ट मी बऱ्याचदा सांगितली आहे आणि दर वेळी रेघेचा दोष चुन्यावर ढकलला आहे. आज लिहायलाच बसलो आहे तर खरं लिहितो. दोष माझा होता.

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी रस्त्यांचा ओव्हरसियर होतो. वय अठ्ठावीस, मिशी नवी, अक्कल त्याहून नवी. जटपुरा दरवाजातून बाजारचौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानाच्या गाड्या, लाकडाच्या गाड्या, गुरं आणि सायकली एकमेकांच्या अंगावरून जात. रोज कोणीतरी पडे. मी विचार केला, रस्त्याच्या डाव्या अंगाला चुन्याची एक लांबलचक रेघ मारायची. रेघेच्या आत सायकली, बाहेर गाड्या. रेघ मारली, सुरेख सरळ आली. फक्त ती कशासाठी आहे हे लोकांना सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाजार. रस्त्याकडेला चुना दिसला की आमच्या लोकांना एकच गोष्ट समजते: कोणीतरी मोठा माणूस येणार. तासाभरात गावभर झालं, मंत्री येऊन राह्यले. झालं! रेघेच्या आतली पट्टी लोकांनी इतक्या आदरानं मोकळी सोडली की कुत्रंसुद्धा तिकडे फिरकू दिलं नाही, आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यात सगळा बाजार कोंबला. त्या गर्दीत धानाच्या एका गाडीचा बैल बुजला. पुढे नर्सबाईंची सायकल होती, मागे माझी. बाई मनगटावर पडल्या. माझी सायकल चाकाखाली गेली आणि मी नालीत. वर पाहतो तर एक गृहस्थ झेंडूचा हार घेऊन वाकलेले.

"साहेब, मंत्री कवा येते?"

नर्सबाई म्हणजे कृष्णाबाई. चाळिशीच्या, पांढरं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट. दरवाजाबाहेरच्या वस्तीतली निम्मी पोरं त्यांच्या हातांत जन्मली होती. बाईमाणसानं सायकल चालवली म्हणून आधी लोक हसले. मग त्यांच्याच सुनांची बाळंतपणं निघाली आणि हसणं थांबलं.

बाईंचं मनगट बांधलं गेलं त्याच दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "सायकलीच बंद करून टाका त्या रस्त्यावर. दोन्ही तोंडांना खांब, मध्ये गाड्या खालून जातील असा उंच आडवा दांडा, त्यावर पाटी." खांब चांगले हवेत म्हणून धानोऱ्याच्या लाकूड-डेपोतून आणायचे, आठ हात लांबीचे चार. आणायला कोण जाणार? ज्यानं रेघ मारली तो.

आता यात माझ्या घरचा जीव कुठे अडकला होता तेही सांगतो. आमचं घर दरवाजाबाहेर. हिला आठवा महिना लागलेला. आमचा थोरला पायाळू जन्मला होता. कृष्णाबाई त्या दिवशी वेळेवर पोचल्या म्हणून दोघंही हाती लागले. तो रस्ता सायकलला बंद झाला तर बाईंना कोटाबाहेरून वळसा घालून यावं लागणार, नाहीतर पायी. म्हणजे मी आणायला निघालो होतो ते खांब थेट माझ्या दारातच आडवे पडणार होते.

बाईंच्या घरी माफी मागायला गेलो. सायकल कुडाला टेकून उभी होती.

"हात माहा बांधला हाये, तिले काऊन बांधून ठेवू? घेऊन जा," बाई म्हणाल्या. "तुमची तर मोडली. पर पंधरा दिवसांत परत पायजे मले. नि ते बंदीचे खांब माह्या सायकलवर लादून आणसान तर याद राखा."

हिनं दशम्या आणि जवसाची चटणी बांधून दिली. साहेबाविरुद्ध बोलायची हिंमत मला नव्हती, तिला होती. "खांब निवडतानी चांगले भुसभुशीत पाहून निवडा," ती म्हणाली. "पावसाळ्याच्या आत वाळवी खाऊन टाकन."

मूल ते वैनगंगा

मूल गावापर्यंत रेल्वेची छोटी गाडी होती. गार्डानं सायकल चढवताना तिच्याकडे पाहिलं, माझ्या मिशीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. सायकल बायकांची, मधला दांडा खाली वाकलेला, मागच्या चाकाला लुगडं अडकू नये म्हणून रंगीत जाळी. त्या जाळीनं मला पुढच्या पंचवीस मैलांत जितक्या ओळखी करून दिल्या तितक्या माझ्या हुद्द्यानं कधी दिल्या नाहीत. सावली नावाच्या गावात एका घरी पाणी मागितलं तर घरधनी जाळीला बोट लावून म्हणाले, "भाऊ, सायकल हाये हे समजलं. हिची मालकीण कुठी सोडली?"

सगळी कथा सांगावी लागली. सांगून होईपर्यंत पान वाढलं गेलं होतं. लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण, ऊन भात, वर तेलाची धार आणि तोंडाला भाजलेली मिरची. आमच्याकडे चांद्याला पाहुण्याला आधी चहा विचारतात आणि मग तो जाण्याची वाट पाहतात. इथे आधी जेवायला घालत आणि मग नाव विचारत. जेवता जेवता घरधन्यांनी निकाल दिला: "बाईचा हात मोडला तर गाडीवाल्याले नाई, बैलाले नाई, सायकलले बंदी? मंग उद्या विहिरीत कोनी पडला तर पानी पिनं बंद करसान!"

मी भात कालवत राहिलो. सरकारी माणसानं अशा वेळी भात कालवावा.

व्याहाडच्या पुढे वैनगंगा. फाल्गुन संपत आला होता, पाणी एका अंगाला सरकलेलं आणि बाकी सारी वाळू. वाळूत सायकल चालत नाही हे मला माहीत होतं. वाळूत सायकल ढकलताही येत नाही हे तिथे कळलं. शेवटी ती खांद्यावर घेतली. पायडल दर पावलाला बरगडीत बसे. डोंग्यात गडचिरोलीच्या बाजाराला निघालेल्या चार बाया होत्या. नावाड्यानं मला टोकाला उकिडवं बसवलं आणि सायकल मधोमध, बायांच्या शेजारी उभी केली.

"मले काऊन कडेले टाकता?" मी विचारलं.

"बाईमानसाची सायकल हाये भाऊ. कडेले कशी बसवू?"

बाया पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोंगा हलला. पाणी हिरवं आणि स्वच्छ, तळाची वाळू दिसत होती. आता तिथे पूल आहे. मोटारीतून नदी कधी आली आणि कधी गेली ते कळतही नाही.

धानोऱ्याची वाट

गडचिरोली तेव्हा एवढीशी होती. एका मास्तरांच्या ओसरीवर उतरलो. त्यांची आणि टपालवाल्याची अशा दोन सायकली गावात होत्या आणि दोघांनाही सगळा रस्ता मोकळा. मला हेवा वाटला. त्यांच्याकडे पडायचं म्हटलं तर स्वतःहून पडावं लागे.

सकाळी धानोऱ्याकडे निघालो. गाडीरस्त्यावर बांबूच्या गाड्यांनी इतक्या खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या की माझं चाक एकदा आत गेलं की गाडी नेईल तिकडेच. धूळ गुडघाभर. दोनदा उतरलो, तिसऱ्यांदा उतरवला गेलो. आणि मग डाव्या हाताला, झाडांच्या रांगेपलीकडे, ती पायवाट दिसली.

कडक, गुळगुळीत, सावलीतली वाट. गाडीरस्त्याच्या बरोबरीनं जाई, पण त्याच्यात मिसळत नसे. मध्ये मोह आणि येनाची झाडं, आणि झाडांमधल्या रुंद फटींत कंबरेइतके खुंट रोवलेले. मी सायकल वाटेवर घातली आणि खरं सांगतो, पुढचे दोन-तीन मैल मी आयुष्यात परत कधी गेलो नाही असा गेलो. पळस भडकलेला. मोहाचा तो गोड, जड वास. पलीकडे गाड्या कुरकुरत चाललेल्या, गाडीवान मला पाहतायत, मी त्यांना पाहतोय आणि कोणी कोणाच्या वाटेत नाही. मी चक्क गाणं म्हणू लागलो.

सायकलस्वाराचा एक धर्म आहे. ज्याला चुकवायचं त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही. पाहिलं की तो धडकलाच. वाटेच्या पुढच्या तोंडाशी दोन खुंट उभे होते, मध्ये चांगली ऐसपैस जागा. मी उजव्या खुंटाकडे पाहिलं.

पडलो तो मऊ पडलो. एका बाईनं पहाटेपासून वेचून वाळत घातलेल्या मोहफुलांत.

"अगा, डोरे फुटले काय तुहे?" बाई टोपलं टाकून धावत आली. "येवढी वाट सोडून माह्या मोहावर लोरते! नि ही कोन्या बाईची सायकल आनली रे तू?"

तिचं नाव जानी. तिच्या हाकेनं खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला तिचा नवरा आला, चैतू. गोंड माणूस, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. त्यानं आधी सायकल उचलली, मग मला. अंगाला मोहाचा चिकटा, त्याला मुंग्या. मी जोहार केला आणि चांद्याहून खांब न्यायला आलो असं सांगितलं.

"डेपोत मीच तासतो खांब," चैतू म्हणाला. "पर भाऊ, इथून खाट जाते. तू काऊन नाई गेला?"

"खाट?"

त्यानं घरातून बाज आणली. तिच्या दोन्ही टोकांना दोरी, दोरीत बांबू. एका टोकाला तो, दुसऱ्याला जानी, आणि दोघं ती बाज घेऊन खुंटांमधून अलगद निघून गेले. बाजेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली.

मग बसून त्यानं सांगितलं. आधी ही वाट अशीच उघडी होती. रस्ता खराब झाला की गाडीवाले वाटेत घुसत. पाण्याला जाणाऱ्या बाया, मोहाची टोपली घेतलेल्या म्हाताऱ्या, सगळ्या बाजूला फेकल्या जात. एकदा गावातली अडलेली बाळंतीण बाजेवर घालून गडचिरोलीला नेत होते. वाटेत समोरून गाड्यांची रांग आली. गाडी मागे फिरेना. बाज उन्हात उभीच राहिली.

"मंग?" मी विचारलं.

"हिल्ले," चैतू म्हणाला. नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. जानीनं मान खाली घातली आणि ती चिरडलेली फुलं वेगळी करू लागली. ती बाळंतीण चैतूची बहीण होती हे जानीनं मला नंतर सांगितलं.

त्यानंतर गावाची बैठक बसली. कोणी म्हणालं, वाटच बुजवा. कोणी म्हणालं, गाड्याच बंद करा. शेवटी बाज आणली, मध्ये ठेवली आणि तिच्या दोन्ही अंगांना खुंट रोवले. बाज जाईल, गाडी जाणार नाही.

"मापाले बाजच काऊन? मानसाच्या मापानं काऊन नाई?" मी ओव्हरसियर, मला माप समजून घ्यायचं होतं.

"मानूस वाकडा होऊन जाते, आडवा होऊन जाते," चैतू म्हणाला. "ज्याले सोताच्या पायानं जाता येत नाई, त्याचं माप घ्यावं लागते."

"नि गाडीवाले भांडले नाई?"

"भांडले ना! त्यायले पलीकडं सावली देली, बैलाले पानी देलं. मंग कोन भांडते?"

मी कॉलेजात रस्त्याची रुंदी काढायची तीन सूत्रं शिकलो होतो. तिन्हींत बाज नव्हती.

जानीचं सकाळचं नुकसान भरून द्यायचं म्हणून मी दुपारपर्यंत तिच्याबरोबर मोह वेचला. वाकून वाकून पाठ मोडली. ती माझ्या टोपल्यात डोकावून म्हणाली, "पाला जास्त हाये, मोह कमी." मग अंबील प्यायला दिली आणि लाल मुंग्यांची चटणी. मघाच्या मुंग्यांचा असा सूड उगवता येईल असं वाटलं नव्हतं. आंबट, झणझणीत, डोळ्यांत पाणी आणणारी. तशी चव पुन्हा मिळाली नाही. मी ज्यांच्याकडे मागितली त्यांनी दिली, पण ती तशी नव्हती.

डेपो

धानोऱ्याच्या डेपोत चैतूनं चार खांब काढून ठेवले. येनाचे, सरळ, आठ हाती. हिनं सांगितलेला भुसभुशीत त्यात एकही नव्हता. मी त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. हे खांब असेच नेले तर त्यांच्यावर दांडा बसणार, पाटी बसणार. दांड्याच्या अलीकडे कृष्णाबाई आणि पलीकडे आमचं घर.

आणि आमच्या रस्त्यालाही कडुलिंबांची एक रांग होती की! रांग आणि नाली यांच्यामध्ये फार रुंद नाही, पण बाज जाईल एवढी पट्टी होती. तिथे गाडीवाले गाड्या सोडत, बैल बांधत. मी रस्त्यावर रेघ मारत बसलो आणि ती पट्टी दिसलीच नाही.

"चैतूभाऊ, हे मधातून कापले तं?"

"आठ होतीन. चार-चार हाताचे."

"कापा."

त्यानं कुऱ्हाड उचलली नाही. "तुह्या साहेबानं लांब मांगले ना? एकडाव कापले का जुळत नाई, भाऊ."

नवी नोकरी होती, घरात दोन जीव आणि तिसरा वाटेवर. साहेब रागीट. कापलेल्या खांबावर पाटी लावता येत नाही आणि कापणाऱ्या ओव्हरसियरला नोकरीवर ठेवण्याचं कारणही उरत नाही.

"कापा," मी दुसऱ्यांदा म्हणालो. पहिल्यापेक्षा आवाज बारीक निघाला.

दुपारभर कुऱ्हाड चालली. चैतूनं टोकं गोल करून दिली. कोणाचा पदर अडकू नये म्हणून, त्यानं सांगितलं. खांब बांबूच्या गाडीतून मूलला गेले. सायकलवर एकही लादला नाही.

परत चांदा

साहेबांनी आठ खांब मोजले. पुन्हा मोजले. "मी चार सांगितले होते."

"चारच होते साहेब. वाटेत आठ झाले."

पुढचं सगळं बोलणं मी लिहीत नाही, मुलं वाचतील. शेवटी तीन बाजारांची मुदत मिळाली. तेवढ्यात कोणी पडलं तर बंदी आणि त्याच दिवशी माझा राजीनामा. मी घरची बाज खांद्यावर घेऊन रस्त्यावर गेलो तेव्हा लोक धावत आले, कोण गेलं म्हणून. कोणी गेलं नाही, माप घेतोय, हे पटवायला वेळ लागला. कडुलिंबांच्या फटींत खांब रोवले. पट्टीतून गाडीवाल्यांना उठवलं, आणि दरवाजाबाहेरच्या मोकळ्या जागेत बैलांसाठी पाण्याची दगडी डोण ठेववली. या वेळी सांगायला विसरलो नाही. दोन दिवस आधीपासून प्रत्येक गाडीजवळ जाऊन घसा बसेपर्यंत सांगितलं.

पहिल्या बाजारी पट्टीत सायकली आल्या नाहीत. एक गाय येऊन बसली. ती तिच्या मनानं उठेपर्यंत मी तिच्यापुढे कायदा वाचत होतो. दुसऱ्या बाजारी शाळेतली पोरं आली, मग दूधवाले, मग खांद्यावर बंडल घेतलेला एक विणकर. कोणी पडलं नाही. एका गाडीवाल्यानं एक खांब उपटायचा प्रयत्न केला. येनाचा खांब, चैतूनं तासलेला. गाडीवाला दमला.

तिसऱ्या बाजाराला अजून तीन दिवस होते तेव्हाच, सकाळी नऊच्या सुमारास, हिच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अवकाश होता. मी कृष्णाबाईंकडे धावलो. त्यांच्या हाताची पट्टी चारच दिवसांपूर्वी सुटली होती. बाईंनी पिशवी हँडलला अडकवली, माझ्याकडे पाहिलंही नाही आणि निघाल्या. रस्त्यावर लाकडाच्या गाड्यांची रांग दरवाजापर्यंत अडून होती. कडुलिंबांच्या मागून बाईंचं पांढरं लुगडं सरसर पुढे जाताना मला दिसलं. मग दिसेनासं झालं. मी पायी धावत, धापा टाकत, गाड्यांमधून अंग चोरत मागाहून पोचलो. ओव्हरसियरनं स्वतःच्या पट्टीतून धावावं हे मला सुचलंच नाही.

मुलगी झाली. ही बरी होती. साहेबांनी पुढे बंदीचा विषय काढला नाही. ते खांब कितीतरी वर्षं तिथे होते, मग रस्ता रुंद झाला आणि कडुलिंबांबरोबर तेही गेले.

त्या दिवशी दुपारी मी बाजेजवळ बसलो. कौतुकाची वाट पाहत होतो, उगाच खोटं कशाला बोलू. साहेबांना द्यायचा अहवालही हातात होता. गाड्या किती, सायकली किती, पडले किती, सगळे रकाने आखलेले. तिला वाचून दाखवला आणि म्हणालो, "बाई वेळेवर आल्या, नाई?"

तिनं मुलीच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं.

"पोरगी तं होनारच होती," ती म्हणाली. "पर गल्लीच्या तोंडाशी बाईच्या सायकलची घंटी वाजली नं, तवाच माहं भेव गेलं. हे तुमच्या कोन्या रकान्यात बसते काय पाहा."